अपुऱ्या दिवसांची बाळे

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल तगते, आठव्यातले तगत नाही, अशी एक समजूत आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती खरी नाही. गर्भाशयात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बालकाच्या जगण्याची शक्यता वाढवीतच असतो, हे कोणतेही प्रसूतिगृह आपल्या नोंदवहीवरून दाखवून देईल. मग ही समजूत टिकली कशी? आमच्या मते याचे उत्तर अगदी साधे आहे. दिवस मोजण्याची रीतच ढोबळ होती. जे मूल जगले ते सातमाशे ठरले, जे गेले ते आठमाशे ठरले. महिन्यांचा हिशेब निकालानंतर मांडला गेला. ही केवळ आजीबाईंच्या बटव्यातली गोष्ट असती, तर अग्रलेखाच्या जागेत तिला स्थान दिले नसते. परंतु दिवसांचा हाच ढोबळ हिशेब अगदी अलीकडे, मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या योजनेलाही कसा नडला, ते पुढे सांगावयाचे आहे.

आज १७ नोव्हेंबर. हा दिवस जगभर अकालप्रसूत बालकांचा दिवस म्हणून पाळला जातो. दिवस पाळण्याची आम्हांला फारशी हौस नाही. वर्षाच्या प्रत्येक तारखेवर आता कोणी ना कोणी हक्क सांगितलेला आहे, आणि जांभळ्या दिव्यांनी उजळलेली इमारत दुसऱ्या दिवशी पूर्ववत अंधारात जाते. पण विषय जुना असला तरी त्यातले आकडे विसरता येण्यासारखे नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्था यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात १ कोटी ३४ लाख बालके सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्माला आली. त्यांपैकी सुमारे ३० लाख आपल्या देशातली. म्हणजे जगातल्या अशा दर पाच बाळांतले एक भारतीय, आणि भारतात जन्मणाऱ्या दर आठ बाळांतले साधारण एक अपुऱ्या दिवसांचे. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचे जगातले सर्वांत मोठे कारण आज देवी नाही, पटकी नाही, गोवर नाही. अकाली जन्म आणि त्यामागून येणारे उपद्रव हे आहे.

हे जे घडते ते का घडते? आईचे वय, रक्तक्षय, रक्तदाब, जुळे, अतिश्रम, अशी कारणे सांगता येतात आणि ती खरीही आहेत. परंतु गेल्या चाळीस वर्षांतील संशोधनाने ज्या एका कारणावर पुन:पुन्हा बोट ठेवले, ते कारण म्हणजे संसर्ग. वेळेपूर्वी आपोआप कळा सुरू होऊन जी बाळंतपणे होतात, त्यांतील निदान चौथा हिस्सा तरी गर्भजलात जंतूंचा शिरकाव झाल्यामुळे होतो, असे या विषयाचे जाणते मानतात. पाणमोटीतले पाणी निर्जंतुक असावयाचे. खालच्या मार्गाने जंतू वर चढतात, पडद्याला दाह होतो, तो पातळ पडतो, आणि एके रात्री, अजून दोन-अडीच महिने बाकी असताना, पाणमोट फुटते. बाईला त्यापूर्वी ताप असतोच असे नाही. पुष्कळदा काहीच नसते.

येथे निसर्गाचे एक विलक्षण कोडे आहे, आणि ते समजून घेतल्याखेरीज पुढचे काही समजत नाही. पीटर मेडावार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ते १९५३ साली मांडले. एका माणसाची कातडी दुसऱ्याला लावली तर शरीर ती परकी म्हणून झिडकारते. गर्भ तर अर्धा पित्याचा, म्हणजे आईच्या दृष्टीने अर्धा परकाच. मग आईचे शरीर नऊ महिने त्याला झिडकारीत कसे नाही? मेडावार यांना पुढे १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रतिकारशक्तीसंबंधीच्या दुसऱ्या कार्याबद्दल. या कोड्याची जी उत्तरे त्यांनी सुचवली होती, ती मात्र पुढे पुरी पडली नाहीत. त्यांतले एक उत्तर असे होते की, गर्भारपणात आईची प्रतिकारशक्ती जणू निद्रिस्त होते. आज आपण जाणतो की ती निजत नाही. ती आपले काम बदलते. रक्तातील ज्या पेशी इतरत्र मारेकऱ्याचे काम करतात, त्यांच्याच जातीच्या पेशी गर्भाशयात वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंद करण्यास हातभार लावतात. दुसऱ्या काही पेशी प्रतिकाराला लगाम घालून बसलेल्या असतात. सासरी आलेल्या नव्या माणसाला घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे, त्यातला हा प्रकार.

हा तोल जंतूंच्या आगमनाने ढळतो. शरीर जंतूंशी झुंजण्यासाठी जी द्रव्ये सोडते, त्यांतलीच काही गर्भाशयाला आकुंचन पावण्याची आज्ञा देणारी असतात. म्हणजे अकाली कळा केवळ जंतू आणीत नाहीत. जंतूंविरुद्ध उभे राहिलेले आईचे स्वत:चे संरक्षणही त्या आणते. घरात विस्तव दिसताच घर रिकामे करावे, तशी ही निसर्गाची योजना असावी. आईचा जीव वाचवण्याच्या दृष्टीने ती कदाचित शहाणपणाचीही असेल. पण ज्याला बाहेर काढले जाते, त्याची फुप्फुसे अजून श्वास घेण्याजोगी झालेली नसतात. शिवाय आईच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यत: शेवटच्या तीन महिन्यांत, तेवढी शिदोरी बांधून होण्यापूर्वीच हा प्रवासी निघालेला असतो. संसर्गामुळे लवकर जन्मलेले मूल हे असे संसर्गाशी लढण्यास सर्वांत दुबळे असते.

जंतू हे कारण, तर जंतुनाशक हे उत्तर, असे कोणासही वाटेल. वैद्यकाच्या जगालाही तसेच वाटले होते. ब्रिटनमधून चालवलेल्या एका मोठ्या प्रयोगात वेळेपूर्वी कळा सुरू झालेल्या, परंतु पाणमोट शाबूत असलेल्या ६,००० हून अधिक स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने गट पाडून जंतुनाशके किंवा नुसत्या निरुपद्रवी गोळ्या देण्यात आल्या. २००१ साली निष्कर्ष आला की औषधाने बाळांचा काहीही फायदा झाला नाही. ज्यांची पाणमोट आधीच फुटलेली होती, त्यांच्या वेगळ्या गटात एरिथ्रोमायसिनचा उपयोग दिसला, आणि दुसऱ्या एका औषधाने बाळांच्या आतड्यांना अपायही दिसला. या संशोधकांची खरी थोरवी अशी की ते तेथेच थांबले नाहीत. ती मुले सात वर्षांची झाल्यावर त्यांनी पुन्हा त्यांचा शोध घेतला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, पाणमोट शाबूत असताना ज्या मातांना एरिथ्रोमायसिन दिले होते, त्यांच्या मुलांत मेंदूच्या पक्षाघाताचे प्रमाण शंभरात ३.३ भरले; ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्या मुलांत १.७. देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, औषध प्रसिद्ध होते, आणि अपाय सात वर्षांनी कळला.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात वैद्यकाचा व्यवसाय आहे, त्यांना हे नवे नाही. पण ज्या शहरात जरा कसर वाटली की माणूस औषधाच्या दुकानात जाऊन, चिठ्ठीवाचून, तीन दिवसांच्या गोळ्या घेतो, आणि ज्या शहरातील पुष्कळ दवाखान्यांत “अँटिबायोटिक द्याच, उगीच धोका नको” असे रुग्णाचे नातेवाईकच डॉक्टरांना सांगतात, त्या शहरात हा निष्कर्ष प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावून ठेवावा अशा योग्यतेचा आहे. पाणमोट शाबूत असेल आणि संसर्गाचे लक्षण नसेल तर जंतुनाशक देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली स्पष्ट सांगितले. हातात असलेले औषध न देण्याला धैर्य लागते.

आता त्या दिवसांच्या हिशेबाकडे वळू. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली असे दाखवले की, अकाली प्रसूत होऊ घातलेल्या आईला स्टेरॉइड जातीचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. या शोधाने असंख्य जीव वाचले. मग साहजिकच विचार निघाला की, मोठ्या रुग्णालयांपर्यंत न पोहोचणाऱ्या गरीब स्त्रियांना हे स्वस्त इंजेक्शन गावातच का मिळू नये? सहा देशांत याचा प्रयोग झाला. त्यांत भारत होता, आणि भारतातली ठिकाणे होती बेळगाव आणि आपले नागपूर. जवळजवळ १ लाख जन्मांची नोंद झाली. निष्कर्ष सर्वांना चक्रावून टाकणारा होता. जेथे इंजेक्शनाची मोहीम राबवली, तेथे पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू हजारी २७.४, आणि जेथे राबवली नाही तेथे २३.९. मातांमधील संशयित संसर्गही वाढलेला आढळला.

असे का व्हावे? इंजेक्शन मिळालेल्या पुष्कळ स्त्रिया अपुऱ्या दिवसांच्या नव्हत्याच, हे त्यातील एक मोठे कारण मानले जाते. शेवटची पाळी कधी आली ते आठवत नाही, सोनोग्राफी झालेली नाही, मग पोटाच्या घेरावरून अंदाज. शिवाय स्टेरॉइड प्रतिकारशक्तीला दाबते. जेथे आधीच संसर्ग दबा धरून आहे तेथे ते महागात पडू शकते. आणि ज्या वर्षी हे निष्कर्ष प्रसिद्ध होत होते, त्याच २०१४ साली आपल्या केंद्र सरकारने आरोग्यसेविकांना या औषधाची पहिली मात्रा देण्याची मुभा देणारी मार्गदर्शिका काढली होती! पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून आणि आईला संसर्ग नाही हे पाहून तेच औषध दिले गेले. तेव्हा नवजात मृत्यू शंभरात २३.५ वरून १९.६ वर आले. औषध तेच होते. फरक होता तो दिवस नीट मोजण्यात, संसर्ग आधी पाहण्यात आणि मागाहून बाळाची काळजी घेण्यात.

सोनोग्राफीचे नाव काढले की आपल्याकडे प्रथम दुसरीच गोष्ट आठवते, आणि तिची लाज वाटते. मुलगी आहे हे पाहून गर्भ पाडण्यासाठी या यंत्राचा असा उपयोग झाला की, महाराष्ट्राला १९८८ साली आणि देशाला १९९४ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तो कायदा हवाच. पण चोविसाव्या आठवड्यापूर्वी निदान एक सोनोग्राफी प्रत्येक गर्भवतीस मिळावी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि त्याचे कारण मुख्यत: हेच आहे की बाळाचे वय निश्चित कळावे. हरियाणात गुरुग्रामच्या जिल्हा रुग्णालयात २०१५ पासून फरीदाबादच्या संशोधन संस्थेने गर्भवतींचा जो दीर्घ अभ्यास चालवला आहे, त्यातून भारतीय गर्भाचे वय काढण्याचे स्वतंत्र सूत्रही तयार झाले आहे. परदेशी मापाने आपली बाळे मोजण्यात होणारी चूक त्याने कमी होते. असे काम आपल्याकडे होते, याची वार्ता वर्तमानपत्रांतून जितकी यावयास हवी तितकी येत नाही, हा दोष आम्ही आमच्याही पदरात घेतो.

संसर्गाचा दुसरा मार्ग याहून साधा आहे. “उन्हाळी लागली आहे, धन्याजिऱ्याचे पाणी घे,” हे वाक्य ज्या घरात ऐकलेले नाही असे मराठी घर विरळा. लघवीची जळजळ निदान बोलून दाखवता येते. परंतु गर्भवतींत कोणतेही लक्षण नसताना लघवीत जंतूंची वाढ होते, हे बोस्टनच्या एडवर्ड कास यांनी सुमारे १९६० च्या सुमारास दाखवले. पुढे तिचे मूत्रपिंडाच्या दाहात रूपांतर होऊ शकते. अकाली प्रसूतीशी तिचे नाते किती घट्ट, याविषयी मतभेद आहेत; नेदरलँड्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते आढळले नाही, मूत्रपिंडाच्या दाहाशी मात्र आढळले. तथापि तेथील निरोगी, सुस्थित स्त्री आणि आपल्याकडील, ज्या चाळीत दहा बिऱ्हाडांना एक संडास आहे तेथे दिवसभर लघवी रोखून धरणारी स्त्री, यांना एका तागडीत तोलता येणार नाही. आपल्या प्रसूतिगृहांत लघवी तपासली जाते ती बहुधा साखर आणि अल्ब्युमिन यांसाठी. जंतूंची तपासणी करावयाची तर प्रयोगशाळा हवी, दोन दिवस थांबावे लागते, आणि निकाल घेऊन त्या बाईला पुन्हा शोधावे लागते. खर्च यंत्राचा नाही इतका या शोधण्याचा आहे.

तिसरा मार्ग नळाने येतो. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची प्रचंड साथ आली. साठवून ठेवलेल्या रक्तरसाची पुढे तपासणी झाली तेव्हा ती आज ज्याला हेपेटायटिस ई म्हणतात त्या जातीशी जुळली. २०१२ साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ याच प्रकारची. हा विषाणू इतरांना पंधरा दिवस अंथरुणावर पाडून सोडून देतो. गर्भवतीला तो शेवटच्या तीन महिन्यांत गाठील तर शंभरात वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. अकाली प्रसूती आणि मृत मूल हे तर त्याचे नेहमीचे सोबती. चीनने यावर लस काढून २०११ साली तिला मान्यता दिली. परंतु लशीची वाट पाहण्याआधी जलवाहिनी आणि गटार यांमधले अंतर राखणे कोणत्याही नगरपालिकेस अशक्य नसावे. पावसाळ्याच्या तोंडी गटारात बुडालेली फुटकी नळी ही पाणीखात्याची बाब समजली जाते. ती प्रसूतिगृहाचीही बाब आहे.

अशा वेळी गर्भवतीला संशोधनापासून दूर ठेवणे हेच सुरक्षित, असा एक प्रवाद आहे, आणि त्यामागे थॅलिडोमाइडची दु:खद आठवण आहे. वस्तुत: ते औषध गर्भारपणात सुरक्षित आहे की नाही हे न तपासताच विकले गेले होते, चौकशी झाली म्हणून नव्हे, झाली नाही म्हणून ती मुले अपंग जन्मली. आपल्या डोळ्यांदेखतचे उदाहरण कोविडचे. २०२१ च्या जानेवारीत देशात लसीकरण सुरू झाले तेव्हा गर्भवतींना त्यातून वगळण्यात आले, कारण त्यांच्यावर चाचणीच झालेली नव्हती. मधे दुसरी लाट येऊन गेली. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने नायर रुग्णालयाच्या सहकार्याने गर्भवती रुग्णांची जी नोंद ठेवली, तीत पहिल्या लाटेपेक्षा दुसऱ्या लाटेत मातांचे मृत्यू अधिक आढळले. गर्भवतींना लस घेण्याची परवानगी मिळाली ती जुलैत.

याउलट, चौकशी केली तर काय हाती लागते तेही पाहावे. नागपूर आणि बेळगाव येथील हजारो स्त्रिया आणखी दोन मोठ्या प्रयोगांत सहभागी झाल्या. पहिलटकरणींना गर्भारपणाच्या आरंभापासून ॲस्पिरिनची अल्प मात्रा दिल्यास अकाली प्रसूती शंभरात १३.१ वरून ११.६ वर येतात, हे २०२० साली त्यातील एकाने दाखवले. (कोणी हे वाचून स्वत:च्या बुद्धीने गोळी सुरू करू नये; ती डॉक्टरांनीच ठरवावयाची.) दुसऱ्याचा निष्कर्ष २०२३ साली आला. कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनची एकच मात्रा दिल्यास मातांमधील जंतुदोष व मृत्यू मिळून २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर येतात. बाळाला मात्र वेगळा लाभ होत नाही. म्हणजे एकाच जातीचे औषध एका वेळी निरर्थक, दुसऱ्या वेळी अपायकारक आणि तिसऱ्या वेळी जीवदायी. ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन या डॉक्टराने १७९५ साली सूतिकाज्वर डॉक्टर आणि सुइणीच एकीकडून दुसरीकडे नेतात असे लिहिले, आणि आपण स्वत:ही अनेक स्त्रियांपर्यंत तो नेला असे कबूल केले. गावाने त्याच्यावर रोष धरला. त्या रोगाशी आजही झुंज चालूच आहे.

आणि मुळात या स्त्रियांना विचारते कोण? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली जे प्रसिद्ध केले, त्याने जगातील वैद्यक हादरले. शंभरात ९२ स्त्रियांना जननेंद्रियांचा काही ना काही विकार होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८. अंगावरून जाणे हे बाईच्या जातीला लागलेलेच, अशी त्यांची समजूत होती. ते खेडे होते, आपण शहरात आहोत, असे म्हणून सुटका होत नाही. सुशिक्षित घरांतील किती सुना हे दुखणे सासूपाशी, किंवा पतीपाशी, मोकळेपणाने बोलतात? आम्ही शाळेत शिकवीत असताना वर्गात एक मुलगा होता. कापसात गुंडाळून वाढवलेला, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. मुले त्याला ‘सातमाशा’ म्हणत. एकदा त्याची आई भेटावयास आली, आणि मूल लवकर झाले यात आपलेच काही चुकले असावे, असे ती पुन:पुन्हा सांगत राहिली. त्या काळात तिला दोन महिने बारीक ताप येत होता, हेही ती ओघात बोलून गेली. तो ताप कोणी पाहिला नव्हता. तिने तो कोणाला सांगितला नव्हता, कारण घरात नणंदेचे लग्न होते.

या शहराच्या सार्वजनिक प्रसूतिगृहांकडून आमची मागणी फार मोठी नाही. नाव नोंदवावयास येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची पहिल्या भेटीतच जंतूंसाठी लघवी तपासली जावी आणि निकाल तिच्या घरी पोहोचवण्याची जबाबदारी एका नेमलेल्या सेविकेवर असावी. सोनोग्राफीची तारीख बाळंतपणाच्या तारखेनंतरची मिळू नये. काविळीचा रुग्ण ज्या गल्लीत आढळेल तेथील गर्भवतींची यादी पाणीखात्याकडे त्याच दिवशी जावी. आणि अकाली जन्मलेले बाळ आईपासून तोडून काचेच्या पेटीत ठेवण्याची घाई करू नये. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय ज्यात सहभागी होते, त्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जन्मल्याबरोबर बाळ आईच्या छातीशी ठेवल्याने मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले, आणि दुसऱ्या गटातील बाळांना हा लाभ नाकारणे अयोग्य म्हणून प्रयोगच मुदतीपूर्वी थांबवावा लागला. त्यासाठी नवजात बालकांच्या कक्षात आईची खाट लागते. मुंबईच्या शीव रुग्णालयाने १९८९ साली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने, आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सार्वजनिक रुग्णालयाच्याच तुटपुंज्या जागेत उभी केली होती. खाटेला त्याहून कमी जागा लागते.